लेडीज डॉक्टरची झालर

आमच्या घरात अ‍ॅप्रन या शब्दाला एकच अर्थ होता आणि तो पांढरा होता. स्वयंपाक करताना बांधायचाही अ‍ॅप्रन असतो, त्याला फुलं असतात, झालर असते, मागे कमरेवर बंदांची गाठ मारतात, याची आम्हांला गंधवार्ता नव्हती. आमचा स्वयंपाक पदरावर भागायचा. चुलीवरचा गंज, म्हणजे पातेलं, उतरवायला पदर, हात पुसायला पदर, पोरांचं नाक पुसायला पदर, आणि दारात कुणी मोठं माणूस आलं की तोच पदर डोक्यावर. अ‍ॅप्रन म्हणजे दवाखान्यातल्या डॉक्टरणीचा पांढरा कोट. बस्स.

हा शब्द घरात आणला आईने. मी आठवीत होते आणि ताप काही केल्या उतरेना. तामसीकडच्या आमच्या गावातून आईने मला बसने आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात आणलं. आई तेव्हा लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची. दवाखाना तिनेही पहिल्यांदाच आतून पाहिला. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने माझं मनगट धरलं, कुठे दुखतं ते विचारलं, मग म्हणाली, जीभ दाखव. मी दाखवली. एवढ्यावरून तिला काय कळलं कोण जाणे, पण तिने कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि दोन मोठे बाप्ये तो कागद घ्यायला उठून उभे राहिले. आईने कागदाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. ती त्या कोटाकडे पाहत होती. बाहेर आल्यावर तिने तिथल्या आयाला विचारलं, त्या पांढऱ्या कपड्याला काय म्हणतात. आया म्हणाली, ‘आपरन.’

परतीच्या बसमध्ये आईने जाहीर केलं, ‘माह्या पोरीच्या आंगावर आपरन पायल्याबिगर मी डोये नाई मिटनार.’ माझ्या अंगात ताप होता, त्यामुळे मी विरोध केला नाही.

पुढची पाच-सहा वर्षं आपरन आमच्या घरात एखाद्या मानाच्या पाहुण्यासारखा राहिला. कुणी नवं कापड घेऊ म्हटलं की आई म्हणायची, आपरनच्या वख्ताले घेऊ. मला गणितात कमी मार्क पडले की घरात कुणी मला रागवायचं नाही, फक्त त्या दिवशी आपरनचं नाव निघायचं नाही. मी मेडिकलच्या एंट्रन्सला दोनदा बसले. दोन्ही वेळा निकाल असा लागला की माझ्या पुढे किती जण आहेत ते मोजण्यापेक्षा मागे कुणी उरलंय का ते शोधणं सोपं होतं. आमच्या शेजारणीने तिच्या मुलाला लहानपणीच बासरला नेऊन सरस्वतीपुढे पाटीवर अक्षरं गिरवून आणलं होतं. आम्ही बौद्ध, आम्ही कशाला जातो. माझ्या दुसऱ्या निकालानंतर ती आईला एवढंच म्हणाली, ‘म्हून सांगत होतो.’ पुढे तिचा मुलगाही नापास झाला. आईने तिला एका शब्दाने दुखवलं नाही. फक्त त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला.

त्या वाया गेलेल्या वर्षात पोरीचे हात रिकामे नकोत म्हणून आईने मला शिवणक्लासला घातलं. सांगायची गोष्ट अशी की मला शिवण आवडलं. कापड बेतणं, कच्चे टाके घालणं, उसवणं, पुन्हा टीप मारणं, सगळंच आवडलं. पण हे मी घरी बोलले नाही. नापास मुलीने खुशीत दिसू नये एवढी अक्कल मला होती. पुढे परीक्षा देऊन मी महसूल खात्यात कारकून झाले आणि पहाणी, नकल, दरखास्त असल्या निजामाच्या काळातल्या शब्दांत माझी तीस वर्षं गेली. आई पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आली तेव्हा चारी टेबलं नीट न्याहाळून म्हणाली, ‘इथं कोनालेच आपरन नाई?’ शिपायाला निदान खाकी ड्रेस होता. मला काहीच नव्हतं.

ती मला कधी टाकून बोलली असं झालं नाही. दवाखान्यावरून ऑटो गेला की ती मान वळवून पाहायची, एवढंच. तेवढं मला आठवडाभर पुरायचं. एकदा तरी तिने म्हणावं, जाऊ दे, आहेस तशी बरी आहेस, एवढीच माझी अपेक्षा होती. ते ती म्हणाली नाही, आणि मी वाट पाहायची सोडली नाही.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे आदिलाबादला राहायला आली. तोवर माझी मुलगी हैदराबादेत नोकरीला लागली होती आणि ती कॉम्प्युटरवर दिवसभर काय करते ते आम्हां दोघींनाही धड सांगता येत नव्हतं. दोन वर्षांमागे ती सुट्टीत आली, मी मशिनीवर उशीचे अभ्रे शिवत होते, ते पाहून तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. ‘मम्मी, असं शिवशील? व्हिंटेज.’

फोनमध्ये एक गोरी बाई हसत उभी होती. गळ्यात मोत्यांची माळ, हातात केक, अंगात घेरदार फ्रॉक आणि त्यावर छातीपासून गुडघ्यापर्यंत फुलाफुलांचा अ‍ॅप्रन, दोन मोठे खिसे, कडेने झालर. कुठे पिठाचा डाग नाही, हळदीचा नाही. ही बाई स्वयंपाक करून आली की करायला चालली तेच कळेना.

‘व्हिंटेज म्हणजे काय?’ मी विचारलं.

‘जुन्या जमान्यातलं.’

‘कोणाच्या?’

ती फोनवर बोट सरकवू लागली. आमच्या जुन्या जमान्यात माझा फ्रॉक आईच्या फाटक्या लुगड्याच्या धड भागातून निघायचा. खाली तीन चिमटे, म्हणजे आडव्या दुमडी, घालून ठेवायचे आणि मी वाढत गेले की दरवर्षी एकेक सोडायचा. वरचं कापड विटलेलं आणि सोडलेली पट्टी नवी, त्यामुळे माझं वय फ्रॉकवर लिहिलेलं असायचं. मुलीने पुढचा फोटो दाखवला. त्यातल्या फ्रॉकला खाली अगदी तसेच तीन चिमटे होते. ती म्हणाली, ही डिझाइन आहे. मी मान डोलावली.

टिंगल करतेय, पण खरं सांगायचं तर त्या बाईने माझी झोप उडवली. दुसऱ्याच दिवशी मी कापड बाजारात गेले. दुकानदार मारवाडी, त्याने विचारलं, ‘दीदी, तकिये का दूँ या परदे का?’ मी ऐटीत म्हणाले, ‘अ‍ॅप्रन का.’ त्याने ताबडतोब पांढऱ्या टेरिकॉटचा तागा काढून गादीवर आपटला. मी म्हणाले, हा नाही, फुलांचा. त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘कौनसे डॉक्टर का है?’

पहिला अ‍ॅप्रन पिवळ्या फुलांचा झाला. झालरीच्या चुण्या सारख्या पडेपर्यंत मी ती चार वेळा उसवली. गळ्याला लावायची उरेब पट्टी, म्हणजे तिरकी कापलेली, नीट बसली तेव्हा मला जो आनंद झाला तो प्रमोशनच्या ऑर्डरनेही झाला नव्हता. तो बांधून मी भाकरी थापायला बसले. माझा नवरा मराठी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. तो पाणी प्यायला आत आला आणि म्हणाला, ‘कुठं निघालीस?’

हैदराबादेत मुलीच्या मैत्रिणींना मी पाठवलेले अ‍ॅप्रन फार आवडले. मग फ्रॉक आवडले. आणखी मागण्या आल्या. या मुली जेवण फोनवरून मागवतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी विचारलं, ‘मग अ‍ॅप्रन बांधतात कधी?’ मुलगी म्हणाली, ‘जेवण आलं की. फोटोला.’

आता आईचं सांगते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डोळे मिटणार नाही म्हणाली होती ती, ते मिटले नव्हते, नुसते झाकले होते. समोर माणूस आहे एवढं दिसायचं, कोण आहे ते आवाजावरून. ऑपरेशन करू म्हटलं की ती म्हणायची, ‘आता पायाचं काय रायलं?’ आणि हे नेमकं माझ्याकडे तोंड करून म्हणायची.

एका रविवारी मी मशिनीवर होते, आई बाजूच्या खाटेवर पडली होती आणि मुलगी फोनच्या स्पीकरवर बोलत होती. ‘मम्मी, अजून सहा अ‍ॅप्रन पाठव.’ फोन संपला तशी आई ताठ उठून बसली.

‘काय शिवून राह्यली वं?’

‘अ‍ॅप्रन, माय.’

‘आपरन?’

‘हो.’

इथवर मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते, याची नोंद व्हावी. आई भिंत धरत धरत आली आणि तिने मशिनीवरच्या कापडावर हात ठेवला. हात फिरत फिरत कडेला गेला आणि थांबला. ‘हे काय वं? आपरनले झालर?’

खरं सांगायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलंही. पण तिचा चेहरा पाहिला. एंट्रन्सच्या पहिल्या निकालाच्या आदल्या दिवशी तो तसा होता, त्यानंतर आत्ता. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘लेडीज डॉक्टरचा हाये, माय.’

‘हां,’ आई समाधानाने म्हणाली. ‘लेडीजले लागतेच.’

झालं. त्या दिवसापासून आई माझ्या मशिनीशेजारी बसू लागली. शिवून झालेल्या अ‍ॅप्रनचे लोंबते धागे ती बोटांनी चाचपून तोडायची. लाल ठिपक्यांच्या, पिवळ्या फुलांच्या, निळ्या चौकड्यांच्या अ‍ॅप्रनवर ती असा हात फिरवायची की दवाखान्याची अब्रूच तिच्या मांडीवर आहे. एकदा म्हणाली, खिसे मोठे ठेव, डॉक्टरनीले सुया-बिया ठेवा लागतात. मी खिसे मोठे ठेवले. हैदराबादच्या मुलींना ते फार व्हिंटेज वाटले.

हे घरात राहिलं असतं तर निभलं असतं. पण आई रविवारी विहारात जाते, आणि तिच्या पोटात आनंद राहत नाही. दोन आठवड्यांत सगळ्या वस्तीला कळलं की दवाखान्यातल्या बायांचे आपरन माझ्याकडून शिवून जातात. बाया मला आदराने जागा देऊ लागल्या. एक नर्स तर तिचा उसवलेला खरा कोट घेऊन घरी आली. मी तो इतका मन लावून शिवून दिला की काय सांगू. तेवढ्यापुरती तरी मी खरी होते. विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही म्हणतात तिथे, माझा आवाज आपोआप खाली जायचा. नवरा शेजारच्या रांगेत बसून खोकायचा. त्याला आयुष्यभर पोरांना खरे बोलावे शिकवून आता ही मजा पाहायला मिळाली होती.

‘सांगून टाक,’ तो घरी आल्यावर म्हणायचा.

‘तुम्ही सांगा.’

‘मी काऊन? झालर तू लावली.’

आणि मग आईने एक दिवस चहा पिता पिता सांगितलं, ‘माहे डोये करा. तू शिवलेले आपरन मले पायचे हायेत.’

दोन वर्षं मी ज्या गोष्टीसाठी तिच्या पाया पडत होते ती गोष्ट ती आपण होऊन मागत होती, आणि आता ती मलाच नको होती. नको कसं म्हणणार? डोळ्याच्या डॉक्टरांनी तारीख दिली. त्या आठवड्यात मी शिवलेलं सगळं हैदराबादला पाठवून दिलं आणि माझा स्वतःचा पिवळा आणि थोडे टाके राहिलेले सहा लोखंडी पेटीत घालून वर गोधडी टाकली. पुढे काय करायचं हे ठरवलं नव्हतं. ऑफिसात आम्ही फाइल अशीच ठेवतो.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. आईने डोळा उघडला, मिटला, परत उघडला. समोर तरुण डॉक्टरीण वाकून उभी होती, स्वच्छ पांढऱ्या कोटात. आईने तिचा चेहरा पाहिला नसेल. ती गळ्यापासून खाली पाहत गेली, कडेपर्यंत आली आणि हात पुढे करून तिने त्या कोटाची कड चिमटीत धरली.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘तुमची झालर कुठं गेली?’

डॉक्टरीण तेलुगू. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, ‘अम्मा एमंटोंदी?’ आई काय म्हणते?

‘थँक्स चेप्तोंदी,’ मी म्हणाले. आभार मानते.

डॉक्टरीण गोड हसली, आईचा हात थोपटून ‘परवालेदम्मा’ म्हणाली, काही हरकत नाही. आईने मला विचारलं, ‘काय म्हनते?’

मी म्हणाले, ‘झालरवाला धुयाले टाकला म्हणते.’

तेवढ्यात दारातून आणखी दोन डॉक्टरणी गेल्या. आईने नव्या डोळ्याने दोघींना पार वळणापर्यंत पाहून घेतलं. ‘आज साऱ्यायचेच धुयाले?’ ती म्हणाली. मी डोळ्यांत टाकायच्या थेंबांचा कागद वाचत बसले.

घरी आल्यावर दोन दिवस ती खाटेवरच होती. काळा चष्मा लावून बसायची. चष्म्यामागून ती कुठे पाहते ते कळत नसे, हा आणखी ताप. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून परत आले तर पेटी उघडी, गोधडी बाजूला आणि माझ्या पलंगावर सात अ‍ॅप्रन ओळीने मांडलेले. लाल ठिपके, पिवळी फुलं, मोरपंखी चौकडी, सगळं. आई समोर स्टुलावर बसली होती.

‘हे आपरन नाई,’ ती म्हणाली.

‘नाही.’

‘डॉक्टरनीचे नाई.’

‘नाही, माय.’

‘मंग कोनाचे?’

मी सगळं सांगितलं. केकवाली गोरी बाई, हैदराबादच्या मुली, फोटो. मग तिने पिवळ्या फुलांचा अ‍ॅप्रन उचलला आणि कमरेला लावला. हात मागे गेले, न पाहता गाठ बसली, खालची दोन टोकं वर उचलून तिने कमरेत खोचली. समोर झोळी तयार झाली. डोळ्याचं पातं लवेपर्यंत तिने हे केलं आणि मला लहानपणीचं शेत आठवलं. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला फडकं बांधून अशीच झोळी करतात, वेचलेला कापूस तिच्यात भरत जातात. तिला ओटी म्हणतात, आमच्याकडे वटी.

‘ही तं वटी हाये,’ आई म्हणाली. ‘जल्मभर वटी बांधली म्या. तुह्या कंबरले ती लागू नये म्हून बांधली. अन् तू नोकरीवाली बाई, फॅनखाली बसून वट्याच शिवून राह्यली. काऊन वं?’

मला तिचा राग समजत होता आणि मलाही राग आला होता. बावन्न वर्षांच्या बाईने आईसमोर पेटीतल्या चोरीसारखं उभं राहावं याचा. ‘मले आवडते, माय,’ मी म्हणाले. ‘तवाही आवडत होतं. क्लासात.’

‘मंग सांगतलं काऊन नाई?’

‘तू आपरनची वाट पाहत होती.’

हे वाक्य इतकी वर्षं माझ्या गळ्याशी होतं आणि बाहेर पडल्यावर ते एवढंसं निघालं. आईने खाली पाहिलं, झोळीत हात घालून पाहिला, खिशात घालून पाहिला.

‘खिसा उथय हाये. आदा किलो कापूस नाई मावनार.’

‘त्यात कापूस नाही भरत, माय.’

‘मंग काय भरतात?’

‘काही नाही.’

‘रिकामीच बांधतात?’

माझं खोटं तिने सोसलं होतं, पण याचा तिला खरा धक्का बसला. ती डोकं हलवत राहिली. ‘रिकामी वटी,’ ती पुन्हा म्हणाली, आणि गाठ सोडून तिने तो अ‍ॅप्रन घडी घालून ठेवला.

रविवारी ती विहारात जायला निघाली तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून पाहिलं. चाललं नाही. तिथे वंदना झाल्यावर बाया तिच्याभोवती जमल्या, डोळा कसा आहे, आपरन दिसले का, विचारू लागल्या. मी सतरंजीची किनार मोजत बसले. आईने काळा चष्मा सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘ते दवाखान्याचे नाईत. माही समजूत चुकली. शहरातल्या बाया आता वटी बांधून राह्यल्या. त्यायच्या वट्या शिवते माही पोरगी.’

‘कापूस वेचाले?’ एकीने विचारलं.

‘नाई. फोटो काढाले.’

बाया इतक्या हसल्या की एकीला उचकी लागली. पण माही समजूत चुकली, असं ती म्हणाली होती. माझं खोटं तिने स्वतःच्या नावावर चढवून घेतलं, आणि तेही बुद्धासमोर. मला तिथे रडू आलं. नवऱ्याने खोकणं विसरून रुमाल पुढे केला.

परत येताना वाटेत ती म्हणाली, ‘आता एक खरा शिव. पांढरा. झालर नको.’

‘कोणासाठी?’

‘तुह्या मापाचा.’

मी दुकानात जाऊन पांढरं टेरिकॉट मागितलं तेव्हा दुकानदाराचा जीव भांड्यात पडला. नर्सचा कोट दुरुस्त केला होता, त्यामुळे बेत डोक्यात होता. कॉलर, पूर्ण बाही, तीन खिसे, मागे चीर. एकही चुणी नसलेलं कापड शिवायला मला कंटाळा आला हे कबूल करते. पण शिवला चोख, काजंसुद्धा हाताने केली.

संध्याकाळी उजेड असतानाच तो घालून मी आईसमोर उभी राहिले. तिने काळा चष्मा कपाळावर सरकवला. ‘फीर,’ म्हणाली. मी फिरले. ‘इकडं पाय.’ मी पाहिलं. कपाटाच्या आरशात मला मीही दिसत होते. घरोघर रक्त तपासायला येतात तसल्या माणसासारखी दिसत होते. उभी मात्र ताठ होते, आठवीतल्या मुलीसारखी. हे तिने त्या बसमध्ये मागितलं होतं आणि मी आत्ता देत होते, तेही खोटंच.

आईने बराच वेळ पाहिलं. मग तोंड वाकडं केलं.

‘नाई शोभत वं तुले.’

‘नाही?’

‘पांढऱ्यात बिमार दिसते तू. काढ.’ आणि मी बटणं काढू लागले तेव्हा, जसं भाजीत मीठ ठीक आहे म्हणावं तसं, ती म्हणाली, ‘जाऊ दे. हाये तशीच बरी हाये तू.’

मी बटणं काढत राहिले. शेवटचं निघता निघेना, कारण मला ते दिसतच नव्हतं.

‘टाकू नको,’ आई म्हणाली. ‘कापड नवं हाये.’ तिने माझ्या हातातून कोट घेतला आणि लुगड्यावरून आपल्याच अंगात चढवला. बाह्या लांब झाल्या. मी दुमडून दिल्या. कॉलर वळली होती, ती सरळ केली. ती आरशासमोर गेली आणि उभी राहिली. पांढरे केस, पांढरा कोट, कपाळावर काळा चष्मा. तिने दोन्ही हात खिशात घातले, मान जरा मागे केली, आणि तशीच उभी राहिली. तो कोणाला शोभत होता हे माझ्या नवऱ्यालाही कळलं. तो दारात आला होता, पाऊल न वाजवता परत गेला.

मग ती खाटेवर येऊन बसली. मला समोर बसवलं. माझं मनगट धरलं, नाडी सापडते का पाहिलं, सापडली असावी.

‘कुठं दुखते?’

‘आता कुठंच नाही, माय.’

‘जीभ दाखव.’

‘ती कशाला?’

‘लेडीज डॉक्टरची झालर म्हने,’ आई म्हणाली. ‘तुह्या जिभेले हाड हाये का नाई, पायतो.’

मी जीभ दाखवली.